विश्लेषण : सांधा बदलणाऱ्या डॉक्टरने थिएटरची हवा का बदलली? जॉन चार्न्ली आणि सांधेरोपणातील संसर्गाची गोष्ट

भोकरदन तालुक्यातील राजूरला चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, गणपतीच्या टेकडीवर जी गर्दी होते तिच्यात आता गुडघे बदललेली माणसेही दिसतात. पूर्वी गुडघे गेले की दर्शन पायथ्यावरूनच घ्यायचे. आता ‘वाटी बदलली’ असे सांगणारी आजी किंवा खुब्याचा सांधा बसवलेले आजोबा बऱ्याच घरांत आहेत. शस्त्रक्रिया जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात होते, पाच-सहा दिवसांत घरी पाठवतात आणि पुढचे ड्रेसिंग गावातच होते. खरी काळजी इथूनच सुरू होते. जखमेतून पाणी येऊ लागले, अंगात कणकण आली, तर करायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर एका इंग्रज सर्जनच्या आयुष्यातून समजून घेणे सोपे जाते. आज जगभर ज्या पद्धतीने सांधे बदलले जातात तिचा पाया सर जॉन चार्न्ली यांनी घातला. नवा सांधा बसवणे जितके अवघड, तितकेच तो जंतूंपासून वाचवणे अवघड आहे, हे सर्वांत आधी आकड्यांसह मांडणाऱ्यांतही तेच होते.

कोण होते जॉन चार्न्ली?

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या बरी या गिरणगावात झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि आई परिचारिका. मँचेस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९३५ मध्ये डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या पंचविशीत, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप परीक्षा उत्तीर्ण झाले. १९४० मध्ये ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आणले गेले त्या मोहिमेत ते होते. नंतर त्यांची नेमणूक कैरोला झाली. तिथे जखमी सैनिकांसाठी खपाट्या आणि कॅलिपर तयार करणाऱ्या कार्यशाळेत ते रमले. हाडांचा डॉक्टर म्हणजे निम्मा सुतार आणि निम्मा लोहार असे गमतीने म्हटले जाते. चार्न्ली यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते. त्यांच्या घरी स्वतःचे लेथ यंत्र होते.

युद्धानंतर ते काही काळ ऑस्वेस्ट्रीच्या अस्थिरुग्णालयात होते आणि १९४७ मध्ये मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत सल्लागार सर्जन झाले. मोडलेले हाड न उघडता प्लास्टर घालून कसे जुळवावे यावरचे त्यांचे १९५० चे पुस्तक अनेक वर्षे अस्थिरोगाच्या विद्यार्थ्यांच्या हातात होते.

संसर्गाची पहिली ओळख कुठे झाली?

स्वतःच्याच पायात. ऑस्वेस्ट्रीला असताना हाडाचे कलम कसे रुजते हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यांनी एका कनिष्ठ सहकाऱ्याला राजी केले आणि आपल्याच नडगीवर प्रयोग करवून घेतला. हाडाचा छोटा तुकडा हाडावरच्या आवरणाखाली ठेवण्यात आला. जखम चिघळली, जंतू हाडात शिरले आणि त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. धडधाकट तरुण माणसाच्या हाडात जंतू शिरले तर काय हाल होतात ते त्यांनी स्वतः भोगले. संसर्गाबद्दलची त्यांची पुढची चिकाटी या अनुभवातून आली का, हे सिद्ध करता येणार नाही. पण या प्रसंगाकडे दुर्लक्ष करून त्यांचे चरित्र सांगताही येत नाही.

कुरकुरणारा खुबा

१९५० च्या दशकात खुब्याचा सांधा झिजला की पर्याय फार थोडे होते. पॅरिसच्या जुडे बंधूंनी मांडीच्या हाडाचे डोके कापून त्या जागी ॲक्रिलिकचा गोळा बसवण्याची पद्धत आणली होती. चार्न्ली यांच्याकडे असाच गोळा बसवलेला एक रुग्ण आला. त्याची तक्रार दुखण्याची नव्हती, आवाजाची होती. जेवणाच्या टेबलावर पुढे वाकले की खुबा कुरकुरायचा. त्या आवाजाने त्याची बायको इतकी वैतागली होती की ती त्याच्यासोबत एका खोलीत बसणे टाळायची.

इतर डॉक्टरांनी हा किस्सा हसण्यावारी नेला असता. चार्न्ली यांना त्यात घर्षण दिसले. आवाज येतो याचा अर्थ गोळा आणि हाडाची खोबण एकमेकांवर घासत आहेत, आणि तीच ओढ गोळ्याला हाडापासून सुटा करत असणार. मग त्यांनी नैसर्गिक सांध्यातले घर्षण मोजले. कूर्चेवर कूर्चा सरकते तेव्हाचे घर्षण बर्फावर बर्फ सरकण्यापेक्षाही कमी भरले. माणसाने बनवलेल्या कोणत्याही दोन वस्तू इतक्या सहज सरकत नव्हत्या.

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा आजच्या खुब्याच्या सांध्यातही ओळखू येतो. मांडीच्या हाडात धातूचा दांडा आणि त्याच्या टोकाला छोटासा गोळा. कमरेच्या खोबणीत प्लास्टिकची जाड वाटी. आणि दोन्ही भाग हाडात पक्के बसवण्यासाठी सिमेंट. घरबांधणीचे नव्हे, तर दातांच्या कवळ्यांसाठी वापरतात ते ॲक्रिलिक. ही कल्पना मँचेस्टरच्या दंतवैद्यक महाविद्यालयातील डेनिस स्मिथ या रसायनतज्ज्ञाकडून आली. हे सिमेंट डिंकासारखे चिकटत नाही. हाडाच्या खाचाखोचांत भरून ते घट्ट पाचरीसारखे बसते आणि भार सगळीकडे सारखा वाटते. गोळ्याचा व्यास त्यांनी जेमतेम २२ मिलिमीटर ठेवला. नैसर्गिक गोळा याच्या दुपटीच्या आसपास असतो. गोळा लहान असला की घर्षणाची ओढ कमी होते. मात्र तो निखळण्याचा धोका थोडा वाढतो. हे देणेघेणे त्यांनी जाणूनबुजून स्वीकारले.

तीनशे माणसे आणि एक फसलेले प्लास्टिक

वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन निवडले, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावरचेच. ते निसरडे होते आणि शरीरात निरुपद्रवी मानले जात होते. जवळपास ३०० रुग्णांना या वाट्या बसवल्या गेल्या. सुरुवातीचे निकाल थक्क करणारे होते. वर्षानुवर्षे लंगडणारी माणसे बिनकाठीची चालू लागली. मे १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चार्न्ली यांनी या नव्या शस्त्रक्रियेची माहिती दिली.

पण दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजू लागल्या. झिजलेल्या भुकटीभोवती शरीर गाठीसारखा पुंजका तयार करत होते आणि तो आसपासचे हाड खात होता. सांधे सैल झाले. बऱ्याच जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. आपल्या हातून शेकडो माणसांना अपाय झाला हे कळल्यावर एखादा डॉक्टर गप्प बसला असता. चार्न्ली यांनी ते जाहीरपणे लिहिले.

याच सुमारास, मे १९६२ मध्ये, गिरण्यांच्या मागांसाठी प्लास्टिकची दातेरी चाके विकणारा एक विक्रेता राईटिंग्टन रुग्णालयात आला. त्याच्याजवळ अतिघन पॉलिथिनचा नमुना होता. चार्न्ली यांनी त्याकडे पाहिले आणि हे चालणार नाही म्हणून सोडून दिले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजायचे तितके हे प्लास्टिक तीन आठवड्यांतही झिजले नाही. लँकेशायरच्या कापडगिरण्यांसाठी बनवलेले प्लास्टिक असे खुब्यात जाऊन बसले. त्याची सुधारलेली रूपे आजही गुडघ्यात आणि खुब्यात बसवली जातात.

या वेळी मात्र त्यांनी घाई केली नाही. टेफ्लॉन आणि नवे पॉलिथिन या दोन्हींची भुकटी त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली आणि काही महिने वाट पाहिली. टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागल्या, पॉलिथिनच्या जागी काही नाही. नोव्हेंबर १९६२ पासून नव्या वाट्या बसवायला सुरुवात झाली.

मग हवेचा प्रश्न कुठून आला?

राईटिंग्टन हे विगन शहराजवळचे मूळचे क्षयरुग्णालय. क्षयाची औषधे आल्यावर तिथल्या खाटा मोकळ्या होऊ लागल्या होत्या. चार्न्ली यांनी तिथे खुब्याचे केंद्र आणि प्रयोगशाळा उभारली. मँचेस्टरमधली मानाची जागा सोडून ते आडबाजूच्या या रुग्णालयात गेले. झीज आणि घर्षण यांची उत्तरे मिळत असतानाच त्यांची दुसरी लढाई सुरू झाली. सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत शंभरातल्या सात ते नऊ रुग्णांना खोलवर संसर्ग होत होता.

हा आकडा किती भयंकर होता ते समजून घ्यायला हवे. अपेंडिक्सच्या जखमेत पू झाला तर तो निचरून जखम भरते. सांध्यातील धातू आणि प्लास्टिकला मात्र रक्तपुरवठा नसतो. त्या पृष्ठभागावर जंतू चिकटले की ते स्वतःभोवती चिकट थर विणतात. डॉक्टर त्याला बायोफिल्म म्हणतात. दगडी टाक्याच्या आतल्या भिंतीवरचे शेवाळ आठवा. पाणी बदलले तरी ते जात नाही, घासावेच लागते. रक्तातून येणारे औषध या थराच्या आतल्या जंतूंपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे साध्या त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतूही सांध्यात गेले की वर्षानुवर्षे ठाण मांडतात.

जंतू येतात कुठून? चार्न्ली यांचा संशय थिएटरच्या हवेवर होता. तिथली माणसे सतत त्वचेचे सूक्ष्म कण सांडत असतात आणि त्यांच्यासोबत जंतूही तरंगतात. तास-दीड तास उघड्या असलेल्या जखमेवर ते बसतात. थिएटरमध्ये जंतूंचे खाद्य घातलेल्या काचेच्या बशा ठेवून त्यांनी किती जंतू पडतात ते मोजले. मग हॉवर्थ या वायुवीजन कंपनीच्या मदतीने थिएटरच्या आत एक छोटी काचघरासारखी खोली उभी केली. तिच्यात वरून गाळलेली हवा सोडली जायची. नेहमीच्या थिएटरमध्ये तासाला हवा जितक्या वेळा बदलायची त्याच्या कित्येक पट वेळा इथे ती बदलायची. रुग्णाचे डोके आणि भूल देणारे डॉक्टर या खोलीबाहेर, फक्त कंबर आत. पुढे सर्जनचा पोशाखही बदलला. दाट विणीचे झगे आले, डोक्यावर शिरस्त्राण आणि त्यातून श्वास ओढून बाहेर नेणारी नळी आली. त्या काळच्या छायाचित्रांत हे सर्जन अंतराळवीरांसारखे दिसतात आणि त्यावरून त्यांची थट्टाही झाली.

आकडे मात्र थट्टेचे नव्हते. १९६० ते १९७० या काळातील सुमारे ५,८०० शस्त्रक्रियांचा हिशेब त्यांनी मांडला तेव्हा संसर्गाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले होते. तेही प्रतिबंधक प्रतिजैविके न देता. चार्न्ली यांना औषधाच्या भरवशावर स्वच्छतेत ढिलाई नको होती. या बाबतीत ते हट्टी होते आणि पूर्णपणे बरोबरही नव्हते. जर्मनीत हॅम्बुर्गच्या हान्स विल्हेल्म बुखहोल्त्स यांनी याच सुमारास सिमेंटमध्येच जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळून ते सांध्याभोवती हळूहळू पाझरेल अशी सोय केली होती. तो मार्गही आज जगभर रूढ आहे.

हवा की औषध, याचा फैसला करण्यासाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मोठी चाचणी घेतली. ८,००० हून अधिक शस्त्रक्रियांचा हा अहवाल ओवेन लिडवेल आणि सहकाऱ्यांनी जुलै १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. अतिस्वच्छ हवेच्या थिएटरमध्ये खोल संसर्ग निम्म्याहून कमी झाले. शस्त्रक्रियेआधी दिलेल्या प्रतिजैविकांचाही स्वतंत्र आणि मोठा फायदा दिसला.

आज संसर्ग झाला तर उपचार काय?

पहिल्यांदा केलेल्या सांधेरोपणात खोल संसर्ग आता साधारण शंभरात एक-दोघांना होतो. प्रमाण कमी आहे, पण ज्याला होतो त्याच्यासाठी ते शंभर टक्केच असते. उपचार कोणता हे मुख्यतः वेळेवर ठरते.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत संसर्ग ओळखला गेला तर जंतूंचा थर अजून कच्चा असतो. तेव्हा जखम पुन्हा उघडून सडलेला भाग काढतात, सांधा भरपूर पाण्याने धुतात, प्लास्टिकचा सुटा भाग बदलतात आणि धातूचे भाग तसेच ठेवून कित्येक आठवडे प्रतिजैविके देतात. सांधा वाचण्याची चांगली संधी याच काळात असते.

महिने उलटले की हे बहुधा जमत नाही. मग धातू, प्लास्टिक, सिमेंट सगळे काढावे लागते. काही ठिकाणी त्याच शस्त्रक्रियेत नवा सांधा बसवतात. ही एकटप्पी पद्धत बुखहोल्त्स यांच्या हॅम्बुर्गमधून आली. दोन टप्प्यांची पद्धत अधिक रूढ आहे. जुना सांधा काढून त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, साधारण सहा आठवडे प्रतिजैविके देतात, रक्तातील सीआरपी आणि ईएसआर उतरले का ते पाहतात आणि मगच नवा सांधा घालतात. काढणीच्या हंगामात घरातल्या कर्त्या बाईचे असे दोन-तीन महिने खाटेवर जाणे म्हणजे काय, हे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात वेगळे सांगायला नको. खर्चही पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त होतो. आणि काही थोड्या रुग्णांत नवा सांधा बसवताच येत नाही. मग सांध्याची हाडे एकमेकांत जोडून पाय ताठ करावा लागतो किंवा खुब्याची जागा मोकळी सोडावी लागते.

म्हणून गावातल्या एका सवयीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. टाक्यांतून पाणी येते म्हणून मेडिकलमधून चार दिवसांच्या गोळ्या आणून घेणे हा सर्वांत महाग पडणारा उपाय आहे. गोळ्यांनी पाणी थांबते, ताप उतरतो, पण आतला थर तसाच राहतो आणि वाचवण्याचे आठवडे निघून जातात. शिवाय नंतर सांध्यातील पाणी तपासायला काढले तर गोळ्यांमुळे जंतू तपासणीत उगवतच नाही आणि कोणते औषध द्यायचे हे डॉक्टरांना कळत नाही. आठवड्यानंतरही जखम ओली राहणे, लाली पसरणे, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, थंडी वाजून ताप येणे यांपैकी काहीही दिसले तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच, त्याच दिवशी, फोन करावा. नव्या गुडघ्याला काही महिने थोडी ऊब आणि सूज असू शकते. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही.

संसर्ग कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. शरीरात दुसरीकडे कुठे पू झाला, किडलेल्या दाताचे गळू झाले, लघवीत संसर्ग झाला किंवा टाचेच्या भेगा चिघळल्या, तर जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोहोचतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणणे, दात दाखवणे, पायाच्या जखमा भरू देणे आणि तंबाखू सोडणे यावर डॉक्टर अडून बसतात. तारीख पुढे ढकलली म्हणून नातेवाईक रागावतात, पण अशी तारीख पुढे ढकलणारा डॉक्टर सहसा चांगला असतो.

संसर्गाशिवाय इतर गुंतागुंत कोणती?

पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणे आणि ती फुप्फुसात जाणे ही सर्वांत तातडीची. पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर थेट रुग्णालय गाठावे. खुबा निखळू शकतो, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत खाली उकिडवे बसल्यास. वर्षांनंतर प्लास्टिकच्या भुकटीने हाड खाल्ले जाऊन सांधा सैल होऊ शकतो, म्हणजे टेफ्लॉनचाच प्रश्न, फक्त खूप सावकाश. सैलपणा आणि मंद संसर्ग यांची लक्षणे सारखी असतात. त्यामुळे सैल सांधा बदलण्याआधी संसर्ग नाही ना हे तपासणे आवश्यक असते.

चार्न्ली यांचे पुढे काय झाले?

मानसन्मान मिळाले. १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९७७ मध्ये ‘सर’ ही पदवी. टेफ्लॉनच्या अनुभवानंतर मात्र ते कमालीचे सावध राहिले. राईटिंग्टनला येऊन पद्धत शिकल्याशिवाय कोणत्याही सर्जनला आपला सांधा विकू नये, अशी अट त्यांनी लीड्सच्या थॅकरे या उत्पादक कंपनीला घातली आणि बरीच वर्षे ती पाळलीही गेली. रुग्णांनाही त्यांची एक विनंती असायची. मृत्यूनंतर तो सांधा तपासणीसाठी काढून घेऊ द्यावा. बहुतेकांनी आनंदाने संमती दिली. वीस वर्षे चाललेली वाटी नेमकी किती झिजते हे त्यातून कळले.

५ ऑगस्ट १९८२ रोजी चार्न्ली यांचे निधन झाले. हवेच्या चाचणीचा अहवाल येऊन जेमतेम महिना झाला होता.

वाद तिथे संपला नाही. प्रतिजैविके नियमाने दिली जाऊ लागल्यावर खास हवेच्या थिएटरचा वेगळा फायदा किती, असा प्रश्न अलीकडच्या नोंदींनी उभा केला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संसर्ग टाळण्यासाठी सांधेरोपणात अशी यंत्रणा वापरू नये, अशी सशर्त शिफारस केली. अनेक सर्जनना ती मान्य नाही. भारतातील मोठी रुग्णालये आजही ‘लॅमिनार फ्लो’ थिएटरची जाहिरात करतात. रुग्णाने मात्र त्या जाहिरातीपेक्षा दोन साधे प्रश्न विचारावेत. इथे वर्षाला किती सांधे बदलले जातात आणि त्यांपैकी किती संसर्गामुळे पुन्हा उघडावे लागले?

महाराष्ट्रात घराघरांत ही शस्त्रक्रिया माहीत झाली ती बरीच नंतर. ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा एक गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला आणि जून २००१ मध्ये दुसरा. दोन्ही वेळा शस्त्रक्रिया डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा तालुक्याच्या गावांतूनही चौकशी वाढली. किमतीची ही मर्यादा सांध्याच्या भागांपुरती आहे. संसर्ग झाल्यावर लागणारी दुसरी शस्त्रक्रिया, आठवडेच्या आठवडे चालणारी इंजेक्शने आणि राजूरहून शहरापर्यंतच्या फेऱ्या यांचा खर्च त्यात धरलेला नाही.